अंगठा सरळ केला, आता धरून कशानं ठेवायचा?

"काकू, दोन्ही पायांना बनियन आहे," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हिनं आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग स्वतःच्या पायांकडं. मराठी घरात बनियन दोरीवर वाळत असतो, पायाला नसतो. डॉक्टरांचा हा बनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला येणारा टणक उंचवटा. आपल्याकडं त्याला कुणी 'हाड वाढलंय' म्हणतं, कुणी गाठ म्हणतं, तर कुणी कुरूप समजून मेडिकलमधून पट्टी आणून चिकटवतं. आमच्याकडं हे तिन्ही प्रकार करून झाले होते.

हिच्या डाव्या पायाचं ऑपरेशन झालं २०११ मध्ये, उजव्याचं २०२३ मध्ये. डाव्यात तार घातली होती, उजव्यात दोन स्क्रू आहेत. मी डॉक्टर नाही. भोसरीत टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली, आणि दोन तुकडे हलू न देता धरून कसे ठेवायचे याच प्रश्नावर पगार घेतला. त्यामुळं दोन्ही वेळा ऑपरेशनपेक्षा त्यातल्या तारा-स्क्रूंबद्दलच मी जास्त प्रश्न विचारले. दुसऱ्या वेळी तर डॉक्टरांनी हसून कागद-पेन माझ्यापुढं सरकवलं. नातेवाइकांत आता पायाचा विषय निघाला की फोन मला येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "इंपोर्टेड टायटॅनियमचाच स्क्रू घालायचा ना?" त्या प्रश्नाचं हे लांबलचक उत्तर.

मुळात हाड वाढलेलं नसतं. तळपायात बोटांच्या मागं पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यातलं पहिलं हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेला फाकतं, आणि अंगठा उलट दुसऱ्या बोटाकडं कलतो. दोघांचा सांधा जिथं असतो, तिथं कोपरा तयार होतो. हाताचं बोट वाकवलं की पेर जसं पुढं येतं, तसाच. कोपऱ्यावर चप्पल घासते, वरची मऊ पिशवी सुजते, आणि आपल्याला वाटतं की गाठ आली. हिच्या बाबतीत अंगठा दुसऱ्या बोटातल्या जोडव्याला इतका टेकायला लागला की तिथं कायमचा वळ पडला होता.

एक्स-रेवर डॉक्टर दोन कोन मोजतात. अंगठा आणि त्यामागचं लांब हाड यांच्यातला कोन साधारण १५ अंशांच्या आत असावा, आणि पहिल्या व दुसऱ्या लांब हाडांमधला ९ अंशांच्या आत. पहिला कोन ४० च्या पुढं गेला की प्रकरण गंभीर. शिवाय अंगठा नुसता कलत नाही, स्वतःभोवती थोडा फिरतोही. कारणं बरीचशी घराण्यातली. हिच्या आईचेही पाय असेच होते. निमुळत्या चपला-बुटांनी त्यात भर पडते. सिलिकॉनच्या गाद्या, रात्री बांधायच्या पट्ट्या यांनी घासणं आणि दुखणं कमी होतं, हाड जागेवर येत नाही. दुखत नसेल तर नुसतं पाय सुंदर दिसावेत म्हणून कापाकापी करू नये, असं डॉक्टरांनी आम्हाला दोन्ही वेळा बजावलं.

उंचवटा नुसता तासून टाकला तर? पूर्वी तसं करत. पण कोपरा तासला तरी फाकलेलं हाड फाकलेलंच राहतं, आणि दुखणं पुन्हा येतं. म्हणून हाड कापायचं, सरकवायचं आणि नव्या जागी जुळू द्यायचं. हे करायच्या शंभराहून जास्त पद्धती आजवर सांगितल्या गेल्यात. रोजच्या वापरात आहेत त्या थोड्याच.

शेव्हरॉन कापात हाडाच्या पुढच्या टोकाशी आडवा व्ही काढून टोक बाजूला सरकवतात. स्कार्फमध्ये हाडाच्या लांबीभर झेड आकाराचा काप. या नावाचा गळ्यातल्या स्कार्फशी संबंध नाही. दोन वासे लांबीत जोडायचा सुतारकामातला एक सांधा आहे, त्याचं हे नाव. लॅपिडस पद्धतीत हाडाच्या मागच्या टोकाचा, पायाच्या मधोमध असलेला सांधाच कायमचा जोडून टाकतात. न्यूयॉर्कच्या पॉल लॅपिडस यांनी ती १९३४ मध्ये मांडली. फाक मोठी असेल किंवा तो सांधा ढिला असेल तेव्हा ही उपयोगी. आणि एकिन म्हणजे खुद्द अंगठ्याच्या हाडातून छोटी पाचर काढून तो सरळ करणं. हे बहुधा वरच्यापैकी कशाच्या तरी जोडीला असतं.

आता धरून ठेवायचं कशानं, हा माझा प्रांत.

आमच्याकडं दोन तुकडे वेल्ड करायचे असले की आधी ते फिक्स्चरमध्ये बसवतात. फिक्स्चर तुकडे अचूक जागी धरतं, वेल्ड होईपर्यंत हलू देत नाही. पण जोड मजबूत होतो तो वेल्डमुळं. हाडाचंही तेच. तार, स्क्रू, पट्टी हे सगळं फिक्स्चर. वेल्डिंग हाड स्वतः करतं, आणि त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. लोक नेमके इथंच चुकतात: स्क्रू अंगठा जन्मभर धरून ठेवणार आहे, असं त्यांना वाटतं. स्क्रूनं दोन महिने इमानेइतबारे काम केलं की झालं. आणि जॉब, म्हणजे हातातला तुकडा, मुळातच चुकीच्या मापाला कापला असेल, तर जगातलं महागातलं महाग फिक्स्चर त्याला चुकीच्याच जागी घट्ट धरून ठेवेल.

सगळ्यात जुना आणि साधा प्रकार तारेचा. मार्टिन किर्श्नर या जर्मन सर्जननी १९०९ मध्ये अशा पिना वापरात आणल्या, म्हणून त्यांना के-वायर म्हणतात. हिच्या डाव्या पायातली तार मी मागून घेतली होती. घरी व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, लावला: १.६ मिलिमीटर, सरळ, गुळगुळीत, एक टोक धारदार. सायकलच्या आऱ्यापेक्षाही बारीक. ड्रिलनं ती दोन्ही तुकड्यांतून आरपार घालतात, बाहेरचं टोक वाकवून ठेवतात, आणि चार ते सहा आठवड्यांनी ओढून काढतात. ते काढणं मी पाहिलं. हिनं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली होती. डॉक्टरांनी पक्कडीनं टोक धरलं, जरासं फिरवलं आणि ओढलं. रामरक्षेचा दुसरा श्लोक यायच्या आत तार ट्रेमध्ये. सुन्न करायचं इंजेक्शनही लागलं नाही.

तारेला आटे नाहीत, त्यामुळं ती तुकडे जागेवर धरते, पण एकमेकांवर दाबत नाही. थोडीफार हालचाल राहते. हाडाला किंचित हालचाल चालते, ते भोवती नव्या हाडाचा गोळा करून जुळतं. जास्त हालचाल मात्र चालत नाही. गुळगुळीत तार कधी सरकते. पण तिची खरी अडचण म्हणजे कातडीबाहेरचं टोक. तिथून जंतू आत जायला वाट मिळते. आमचा तो महिना पाय भिजू न देण्यात गेला. आंघोळीला पायावर प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड. तरी शेवटच्या आठवड्यात तारेभोवती लाली आलीच आणि पाच दिवस अँटिबायोटिक घ्यावं लागलं. तार स्वस्त, झटपट आणि शेवटी पायात काही उरत नाही, हा तिचा मोठा गुण. शेव्हरॉनचा व्ही स्वतःच एकमेकांत अडकून बसतो आणि पावलावरचा भार त्याला आणखी दाबतो. सुरुवातीला हा काप आत काहीही न घालता, नुसत्या बँडेजवरही करत असत. असा काप असला की तारेवर भागतं.

स्क्रूची गोष्ट वेगळी, आणि मला सगळ्यात आवडलेली. साध्या स्क्रूनं दोन तुकडे दाबायचे तर जवळच्या तुकड्यातलं भोक मोठं ठेवतात, आटे फक्त लांबच्या तुकड्यात पकडतात, आणि स्क्रूचं डोकं जवळच्या तुकड्याला रेटतं. बोहरी आळीत स्क्रू घेणारा कुठलाही सुतार हे जाणतो. पण पायाच्या या भागात हाडावर मांस नसतंच, नुसती कातडी. तिथं स्क्रूचं डोकं वर राहिलं की बुटात टोचतं. मग बिनडोक्याचा स्क्रू दाबणार कसा?

ही युक्ती ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्ट यांची. त्यांनी ती मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडासाठी काढली आणि १९८४ मध्ये त्याबद्दल सविस्तर लिहिलं. स्क्रूच्या दोन्ही टोकांना आटे, पण पुढच्या टोकाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जास्त, मागच्याचा कमी. समजा पुढचे आटे एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर पुढं जातात आणि मागचे १ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पुढचा तुकडा मागच्याकडं पाव मिलिमीटर ओढला जातो. चार फेऱ्यांत एक मिलिमीटरची फट बंद, आणि अख्खा स्क्रू हाडाच्या आत गडप. डॉक्टरांनी कागदावर हे काढून दाखवलं, तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. ही म्हणाली, "अहो, पाय माझा आहे." असा दोन पिचचा डिफरन्शियल स्क्रू आम्ही मशीनमध्ये बारीक सेटिंगसाठी वापरायचो; बायकोच्या पायात भेटेल असं वाटलं नव्हतं.

हे स्क्रू बहुतेक पोकळ असतात. आधी बारीक तार घालून जागा आणि दिशा एक्स-रेवर पाहायची, मग त्याच तारेवरून स्क्रू ओवायचा. तुकडे दाबून धरल्यामुळं हालचाल कमी, कातडीबाहेर काही नाही. तुलना केल्यावर मात्र एक गोष्ट समोर येते, आणि ती 'टायटॅनियमच हवं' म्हणणाऱ्यांना आवडत नाही. साध्या, स्थिर कापात तार घातली काय किंवा स्क्रू घातला काय, अंगठा शेवटी किती सरळ राहतो यात डोळ्यांत भरण्याएवढा फरक आढळत नाही. फरक पडतो तो मधल्या दिवसांत: जखमेची काळजी, तार काढायची भेट, पाय लवकर टेकवायचा आत्मविश्वास. हिला विचाराल तर ती म्हणेल की तेवढ्यासाठीही स्क्रूच बरा. मी तारेच्या बाजूचा आहे, पण आंघोळीची पिशवी मला बांधावी लागली नव्हती.

स्कार्फचा झेड लांब असतो, त्याला सहसा दोन स्क्रू लागतात, कारण एकाच स्क्रूभोवती तुकडा फिरू शकतो. हाड पोकळ-ठिसूळ असेल, जसं साठीनंतर बऱ्याच बायकांचं असतं, तर इथं एक गोची होते. कापलेले दोन अर्धे पन्हळी पत्र्यासारखे एकमेकांत रुततात आणि हाडाची उंची कमी होते. स्क्रू जास्त आवळून ही गोची सुटत नाही, वाढते. ठिसूळ हाडात आटे फिरायला लागतात, भिंतीतल्या भुसभुशीत प्लास्टरमध्ये स्क्रू फिरतो तसे. अशा वेळी सर्जन काप बदलतात, नुसता स्क्रू बदलून भागत नाही.

गेल्या काही वर्षांत छोट्या भोकातून करायचं ऑपरेशन गाजतंय. दाताच्या मशीनसारखी बारीक फिरती कातर दोन-तीन मिलिमीटरच्या भोकातून आत घालतात, समोर चालू एक्स-रे बघत हाड कापतात आणि टोक बरंच सरकवतात, कधी कधी हाडाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीएवढं. तुकडे एकमेकांवर फारसे टेकलेलेच नसतात. मग फिक्स्चर फार विचारानं लावावं लागतं. आधीच्या पिढीत इथं तार घालत. आता बहुधा दोन लांब स्क्रू तिरके घालतात. त्यातला एक मागच्या हाडाच्या दोन्ही भिंती भेदून पुढच्या टोकात शिरतो, म्हणजे पकड तीन ठिकाणी. भोकं लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असा समज करून घेऊ नका. आत हाड तेवढंच कापलेलं असतं आणि जुळायला तेवढाच वेळ घेतं.

पट्टी, म्हणजे प्लेट, मुख्यतः लॅपिडसमध्ये येते. तिथं सगळा भार एका जोडावर, आणि तो जोड जुळला नाही तर सगळंच फसतं. पूर्वी दोन स्क्रू एकमेकांना छेद देऊन घालत आणि दीड महिना पाय टेकवू देत नसत. लॉकिंग प्लेट आल्यावर बऱ्याच ठिकाणी लवकर टेकवू देतात. या प्लेटच्या भोकांनाही आटे असतात, स्क्रूचं डोकं त्यात अडकतं, आणि प्लेट-स्क्रू मिळून एक चौकट तयार होते.

प्लेट वरून लावायची का खालून, हा मजेचा प्रश्न. लाकडी फूटपट्टीचे दोन तुकडे टोकाला टोक लावून ठेवा, जोडावर वरून चिकटपट्टी लावा, मागचा तुकडा टेबलावर दाबून धरा आणि पुढचं टोक खालून वर ढकला. फट खाली उघडेल. आता चिकटपट्टी खालून लावा. फट उघडत नाही. चालताना जमीन आपल्या पावलाचं पुढचं टोक असंच वर ढकलते. म्हणून तळव्याच्या बाजूनं लावलेली प्लेट यंत्रशास्त्राच्या दृष्टीनं सरस. प्रयोगशाळेतही ती जास्त ताठ ठरते. पण तिथं पोचायला जास्त खोल जावं लागतं, आणि स्नायूंच्या दोऱ्या त्याच जागी येऊन चिकटलेल्या असतात. म्हणून अनेक सर्जन प्लेट वरून किंवा आतल्या बाजूनं लावतात आणि जोडीला एक तिरका दाबणारा स्क्रू घालतात. वरून लावलेली प्लेट कातडीखाली हाताला लागते, बुटाला घासते, आणि कधी पुढं काढावी लागते. तर्क एक सांगतो आणि हाताखालचा जॉब दुसरंच, हे आम्हाला टूलरूममध्ये रोज दिसायचं.

स्टेपलही वापरतात. साधा स्टेपल नव्हे, निटिनॉलचा. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. नावातली शेवटची अक्षरं त्या प्रयोगशाळेचीच. स्टेपलचे दोन पाय फाकवून तो हाडात बसवला की पुन्हा मिटायला बघतो, दोरीवरच्या कपड्यांच्या चिमट्यासारखा सतत दाबत राहतो. स्क्रूचा दाब जोडाच्या कडा जराशा झिजल्या की उतरतो, चिमट्याचा टिकतो. पण तो दाबतो आपल्याच बाजूला, पलीकडची कड उघडू शकते. म्हणून मोठ्या जोडात दोन, काटकोनात. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी, म्हणजे नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांनी, हे आधी सांगावं. अंगठ्यातल्या एकिनच्या छोट्या कापाला साधा स्टेपल, एखादा स्क्रू, इतकंच काय नुसता जाड टाकाही पुरतो.

विरघळणाऱ्या स्क्रूंबद्दल लोक फार उत्सुकतेनं विचारतात. प्लॅस्टिकसारख्या पॉलिलॅक्टिक ॲसिडचे असतात, मॅग्नेशियमचेही असतात. कल्पना उत्तम: काम झालं की फिक्स्चर आपोआप नाहीसं. पॉलिमरचे स्क्रू विरघळताना काहींच्या पायाला सूज येते. मॅग्नेशियममधून विरघळताना हायड्रोजन वायू निघतो आणि एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी सावली दिसते. माहीत नसलेला माणूस ती पाहून स्क्रू ढिला झाला म्हणून घाबरतो. हाड न कापता पहिलं आणि दुसरं लांब हाड दोरीनं जवळ ओढून दोन्हीकडं बटणं लावायचाही प्रकार आहे. त्यात दुसऱ्या हाडाला भोक पाडावं लागतं आणि तेच पुढं तिथं मोडू शकतं. मला तो फारसा पटलेला नाही.

सांध्यात झीज खूप झाली असेल तर अंगठ्याचा सांधाच कायमचा जोडतात. वरून प्लेट आणि एक तिरका स्क्रू, ही जोडी त्यात प्रयोगशाळेत सगळ्यात भक्कम ठरलीय. पण त्यानंतर अंगठा मुळाशी वाकत नाही. मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसणं अवघड जातं. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल, किंवा सकाळी भाजी निवडायला उकिडवं बसायची सवय असेल, तर हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या. हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही, हिनंच काढला.

इंपोर्टेडबद्दल. हाडात घालायचं स्टेनलेस स्टील ३१६ एल जातीचं असतं. टायटॅनियमचा मिश्रधातू हलका, हाडासारखा जरा जास्त लवचीक, आणि एमआरआयच्या चित्रात कमी व्यत्यय आणणारा. दोन्ही चालतात. २०२३ मध्ये एका रुग्णालयानं आम्हाला दिलेल्या अंदाजपत्रकात स्क्रूच्या तीन किमती होत्या, आणि कुठला काप करणार याचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. काउंटरवर विचारलं तर "सगळे प्रीमियम घेतात" एवढंच उत्तर. डॉक्टरांना विचारावं ते असं: कोन किती आहे, कुठला काप आणि का, हाड मऊ निघालं तर काय कराल, पाय कधी टेकवायचा. हे ठरलं की स्क्रू कुठला ते त्यातून आपोआप निघतं.

आणि फिक्स्चर कितीही चांगलं असलं तरी वेल्ड कच्चा राहू शकतो. मशेरी, तंबाखू, सिगारेट यांतल्या निकोटिननं हाड जुळायला उशीर होतो. साखर ताब्यात नसेल तर जखमही चिघळते. आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हिला टाचेवर भार देणारा जाड तळाचा बूट दिला होता. पहिले दोन आठवडे पाय उशीवर, छातीच्या वर. सहाव्या आठवड्याला एक्स-रे, मग हळूहळू साधी चप्पल. ॲक्टिव्हा दोन महिने बंद, कारण सिग्नलला पाय खटकन टेकवावा लागतो. सूज मात्र चार महिने होती. लक्ष्मी रोडवर नवी कोल्हापुरी घ्यायला गेलो, तर अंगठ्याची वादी पायात शिरेना. दुकानदारानं ती सैल करून दिली.

हिचे स्क्रू पायातच आहेत. टोचत नसतील तर काढायची गरज नसते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री साबण लावून काढलेली जोडवी सहा महिने देवघरातल्या डबीत होती. मग एका शुक्रवारी तिनं ती पुन्हा घातली, डाव्या-उजव्या दोन्ही पायांत, आणि अंगठा व जोडव्याच्या मध्ये करंगळीचं टोक घालून मला दाखवलं. मी उठून व्हर्निअर आणायला गेलो. परत आलो तोवर ती भाजी आणायला खाली उतरली होती.